वत्सलाबाईच्या तीनचाकीचं स्टेअरिंग

आश्रुबानं सायकलच्या स्टेअरिंगचा बॉल जॉइंट कानाला लावला, डोळे मिटले आणि हलवून बघितला. मग नाक मुरडून तो पत्र्याच्या डब्यात खण्णकन टाकला.

"ह्याला प्ले हाय."

ओसरीवर पाय लांब करून बसलेल्या वत्सलाबाईनं कपाळाला हात लावला. दिवाळीच्या सुट्टीचे चार दिवस उरलेले, डब्यात पडलेला हा सातवा जॉइंट, आणि सातही जॉइंटांना 'प्ले'. प्ले म्हणजे काय, तर सांध्यात जराशी ढिलाई. अहो, साठीच्या माणसाच्या गुडघ्यात काय कमी ढिलाई असते? म्हणून गुडघा कुणी डब्यात टाकतं का?

"लोखंड हाय ते," ती म्हणाली. "सून बघायला गेलताव तवा तरी इतकं न्याहाळलं व्हतं का?"

"तुला काय कळतंय स्टेअरिंगमधलं? गप बस."

आता ह्या माणसाला काय म्हणावं! सायकल तिची, पाय तिचे, जायचं तिला, आणि कळत मात्र तिला काहीच नाही.

वत्सलाबाईचं घर चौसाळ्याच्या अलीकडं, वस्तीवर. तिथून दोन किलोमीटरवर शाळा, आणि त्या शाळेत अठरा वर्षं झाली, पोरांची खिचडी वत्सलाबाई शिजवते. चुलीपासून गॅसपर्यंत सगळं तिच्या हातावर झालं. कोणतं पोर वाटाणे वेचून बाजूला सारतं, कोणतं घरून उपाशी येतं आणि दुसऱ्यांदा मागायला लाजतं, हे गुरुजींच्या आधी तिला ठाऊक. जीभ तिखट, पण लाजणाऱ्या पोराच्या ताटात ती न विचारता वाढायची आणि वर त्यालाच दटावायची, "सांडलंस तर बघ!" घरात तिला कुणी 'तुला काय कळतंय' म्हणायचं, शाळेत असं म्हणायची कुणाची छाती नव्हती.

आणि माघ महिन्यात ती पडली. नवऱ्याच्या मोटारसायकलवरून. पाटोद्याच्या रस्त्याला एक गतिरोधक आला, आश्रुबाला तो उशिरा दिसला, गाडी उडाली आणि मागं आडवी बसलेली वत्सलाबाई रस्त्यावर. खुबा मोडला. बीडला ऑपरेशन झालं, आत पट्टी बसली. डॉक्टरांनी सांगितलं, पाय चालते ठेवा, बसून सायकल मारता आली तर उत्तम. पण मोटारसायकलचं नाव काढायचं नाही आणि पुन्हा पडायचं तर मुळीच नाही. काठी टेकत ती अंगणभर हिंडू लागली, पण दोन किलोमीटर कुठून चालणार? आणि दोन किलोमीटरसाठी रोज वस्तीवर येणारी रिक्षा अजून जन्माला यायची होती. गुरुजी भले माणूस. त्यांनी दिवाळीपर्यंत कसंबसं निभावलं, आणि मग घरी येऊन मान खाली घालून सांगितलं, "बाई, शाळा उघडंल त्या दिवशी तुमी आला तर ठीक. न्हाईतर मला दुसरी बाई घ्यावी लागती."

तर त्या दिवशी तिला शाळेत पोचायचं होतं. बास, एवढीच गोष्ट.

सायकलची कल्पना आश्रुबाचीच, हे कबूल केलं पाहिजे. श्रावणात पुण्याचा कुणी हौशी माणूस हायवेवरून चालला होता, तीनचाकी सायकलवर चक्क रेलून. पुढं दोन चाकं, मागं एक, बूड जमिनीपासून वीतभर, पाठ आरामखुर्चीत टेकल्यासारखी आणि पेडल पायांच्या समोर. त्याची चेन तुटली, म्हणून तो आश्रुबाच्या ट्रॅक्टर गॅरेजात आला. आश्रुबानं चेन जोडेपर्यंत सुतळीनं साऱ्या सायकलची मापं घेतली. घरी येऊन म्हणाला, "हिच्यावरून पडायचं म्हणलं तरी पडता यायचं न्हाई." शेजारच्या वेल्डर सिदूला हाताशी घेऊन दसऱ्यापर्यंत सांगाडा उभा केला. नऊवारीचा कासोटा घातलेली वत्सलाबाई त्यात बसली, पाय मारले, मागचं चाक गरगर फिरलं. वस्तीनं तिला 'लोळती सायकल' असं नावही ठेवलं. हत्ती गेला आणि शेपूट अडकलं. ते शेपूट म्हणजे स्टेअरिंग.

आधी रिक्षाचं हँडल लावलं, ते तिच्या पोटात रुतलं. मग भंगारातून एका जुन्या मोटारीचं गोल स्टेअरिंग आलं. आश्रुबा पँट घालून स्वतः त्यात बसला, अंगणात चार चकरा मारल्या आणि "वा, वा!" म्हणून स्वतःचीच पाठ थोपटून घेतली. मग वत्सलाबाई बसली. बसली खरी, पण तिला उठता येईना! लुगड्याचा घोळ, दुखरा खुबा आणि छातीसमोर ते चाक. आश्रुबा एका हाताला, सिदू दुसऱ्या हाताला. विहिरीतून बादली शेंदावी तशी तिला बाहेर काढली.

"उठायचं कशाला लागतंय?" आश्रुबा म्हणाला. "शाळेत गेल्यावर गुरुजी उठवतील."

"व्हय, अन् खिचडी बी सायकलीतूनच ढवळते!"

मग ट्रॅक्टरचे सांधे लावून झाले. एकेक सांधा वरवंट्याएवढा. पुढची चाकं जागची हलेनात. शेवटी सिदूनंच डोकं लढवलं. सीटच्या दोन्ही अंगांना दोन उभ्या दांड्या, मधून चाकांपर्यंत सळया. समोर काही नाही, बसायला उठायला मोकळं. वत्सलाबाईला वाटलं, सुटले बाई एकदाची.

कुठली सुटतेय! डाव्या बाजूला कडब्याची गंजी होती. उजवीकडं वळावं म्हणून तिनं उजवी दांडी ओढली, आणि सायकल डावीकडं वळून सरळ गंजीत घुसली. तोंडात कडबा, डोक्यावर कडबा.

"उलटी वढायची," आश्रुबा लांबूनच ओरडला. "सळई चाकाच्या पुढच्या अंगाला जोडली हाय, म्हणून ती उलटी वळती. आठ दिवसात सवय हुईल."

वत्सलाबाईनं तोंडातला कडबा थुंकला. तिचं माहेर पाटोद्याकडचं. घरात चार बहिणी, भाऊ नाही. दहाव्या वर्षापासून बैलगाडी तिनं हाकली. आश्रुबा बाराव्या वर्षी गॅरेजात गेलेला, त्याच्या हाताला कासरा कधी लागलाच नाही.

"डावा कासरा वढला की बैल डावीकडं जातो," ती म्हणाली. "मुक्या जनावराला कळतं. तुमची सायकल बैलाहून येडी हाय का?"

"अगं, ह्यात मेकॅनिझम असतंय—"

"सळई मागच्या अंगाला जोडा. मला सवय लागायची न्हाई. माझ्या हातांना कासऱ्याची सवय हाय, अन् ती मोडायला मी आता लहान न्हाई."

सिदू हसायला लागला, तसा आश्रुबा त्याच्यावर खेकसला, "हसतो काय बे? पाना आण!" अर्ध्या तासात सळई मागं गेली. डावी ओढली की डावीकडं, उजवी ओढली की उजवीकडं. तिनं अंगणात आठचा आकडा काढला. आता फक्त सळयांच्या टोकांना चार चांगले बॉल जॉइंट लावायचे होते, आणि तिथंच घोडं अडलं. मोटारसायकलच्या गिअरचे आणले, प्ले. भंगारातले आणले, प्ले. दिवस चालले, डबा भरत चालला.

सुट्टीचे दोन दिवस उरले तेव्हा सिदू कुंपणापाशी आला आणि हळूच म्हणाला, "काकू, तात्यांनी दसऱ्याला बीडहून चार नवे जॉइंट आणलेत. ते कावून लावीनात?"

वत्सलाबाई तडक उठली. काठी टेकत अंगणापलीकडच्या गॅरेजात गेली आणि हत्यारांची पेटी उघडली. तळाशी ग्रीसच्या कागदात चार जॉइंट गुंडाळलेले, कोरे करकरीत. आश्रुबा ट्रॅक्टरखालून बाहेर आला, तर त्याच्या तोंडासमोर तिनं कागद धरला.

"ह्याला बी प्ले हाय का?"

आश्रुबानं हात पुसले. मग पुन्हा पुसले.

"न्हाई," तो म्हणाला. "हे चांगले हायत."

"मग मला महिनाभर अंगणात कावून नाचवताव? तिकडं माझं काम हातचं चाललंय!"

"हे लावले की तू जाणार." तो त्या कागदाकडं बघत म्हणाला. "अन् ह्यातलं एखादं निसटलं तर? वत्सला, माझ्या हातून एकदा पडलीस. दवाखान्यात तुझं वरडणं ऐकलंय मी. ट्रॅक्टर मोडला तर जोडता येतो मला. तुला न्हाई जोडता आलं."

लग्नाला अडतीस वर्षं झाली, आणि हा माणूस इतकं एका दमात कधी बोलला नव्हता. पण वत्सलाबाईचा राग काही गेला नाही. उलट जास्तच आला.

"दुधानं तोंड तुमचं पोळलं, अन् ताक फुंकत मी बसू व्हय?" ती म्हणाली. "पडले, ते एकदा पडले. तुमी मला मुद्दाम पाडलं न्हाई, मी कधी तसं बोलले बी न्हाई. पण आता मला घरात बसवून ठिवताव ते मुद्दाम. ते मी इसरायची न्हाई."

आश्रुबानं जॉइंट तिच्या हातातून घेतले. संध्याकाळच्या आत चारही बसवले, प्रत्येक बोल्टाला डबल नट लावला आणि वरून पिना ठोकल्या. सिदू म्हणाला, "तात्या, हे आता कयामतपर्यंत निघायचं न्हाई." आश्रुबानं तरी पुन्हा एकदा पाना फिरवला.

शाळा उघडली त्या सकाळी वत्सलाबाई निघाली. शंभर पावलं गेली असेल, तर मागं मोटारसायकल गुरगुरायला लागली. पहिल्या गिअरमधे, गोगलगायीच्या चालीनं.

"मागं येऊ नका!"

"वळणापर्यंतच येतो."

वळण आलं, गेलं, गुरगुर चालूच. समोरून उसानं भरलेला ट्रॅक्टर आला, तसा मागून हॉर्न आणि आरडाओरडा, "डावी वढ! डावी वढ!" तिनं डावी कधीच ओढली होती, ती रस्त्याच्या कडेला होती, ट्रॅक्टरवाला हात करून निघूनही गेला. वत्सलाबाईनं ब्रेक दाबला.

"गाडी बंद करा," ती समोर बघतच म्हणाली. खुब्यामुळं तिला मागं वळून बघता येत नव्हतं. "तुमी मागं असलाव की माझं ध्यान तुमच्याकडं जातं. शाळेपर्यंत मी येकली जाती का न्हाई, ते मला बघायचंय. तुमी बघितलंय सगळं. आता घरी जावा."

मग इंजिन बंद झालं.

तिनं पाय मारले. दहा-बारा शेतं मागं पडली. कानावर नुसती चेन वाजत होती. पण नवऱ्याचा स्वभाव तिला ठाऊक. ढकलत आणली असेल गाडी, काय सांगावं?

"गेलाव का?" ती मोठ्यानं ओरडली.

अडतीस वर्षं तिच्या प्रत्येक शब्दाला उलट उत्तर देणारा माणूस. पण मागून उत्तर आलं नाही, म्हणजे तो खरंच मागं थांबला होता.

वत्सलाबाईला एकदम रडू आलं. डोळे पुसायला दांड्या सोडता येईनात, म्हणून तिनं तसंच नाक ओढलं, उजवी दांडी खेचली आणि शाळेच्या फाटकातून आत गेली.