हद्दीवर अडलेला गाडा

जवळ ये, दारात काहून उभी राह्यली? शेजारचंच तुहं गाव, अन् मावशीकडं याले तुले वर्स लागते!

तुले सरकारनं गावात धाडलेल्या दवावाल्याचं सांगते. त्याचं नाव कोनालेच ठाव नव्हतं. विहिरीत लाल दवा टाकाच्या आधी तो बादली हुंगे. काही सांगा, "बरं, मंग?" एवढंच म्हने. मानूस मेल्याचं सांगा, तरी तेच. मले त्याचा रागच ये.

त्या साली गावात पटकी आली. रिवाजापरमानं मरीमायचा गाडा शेजारच्या शिवारात लोटाचा, म्हंजे पटकी तिकडं जाते. ओढ्यापलीकडं यवतमाळ जिल्हा, अन् तिथंच माही बहीण नुकतीच बाळंतीण झालेली. मी रडून राह्यली होती, पन माहं कोन आईकते?

हद्दीवर दवावाला गाड्यापुढं चाकोरीतच बसला.

"ऊठ बापू, चाक जाईन अंगावरून!" पाटील गरजले.

"बरं, मंग? उद्या तेही गाडा इकडंच लोटतीन. पानी तर दोघंही एकाच ओढ्याचं पेता."

त्यानं पलीकडच्या जिल्ह्याचा दवावाला बोलावला. दोन्ही गावची जानती मानसं हद्दीवरच बसली. कोनती विहीर नासली, दवा कुठं पायजे, हे आपला दवावाला इचारत गेला. कोनी थांबलं का म्हने, "बरं, मंग?" तवा मले समजलं, त्याले पुरं आईकाचं राहे.

दोन्हीकडच्या विहिरीत दवा पडली. तरी काही मानसं दोन्हीकडं मेलीच. पन माही बहीण वाचली, अन् तिच्या कुशीतली तूही.

हद्दीवर गाडा अडला होता, माय. तू काहून अडते? लवकर येत जाय.