बाबांच्या टोपीतला गहू

बाबा आम्हाला सोडून आर्वीला दुसऱ्या बाईसोबत राहायला गेले, तेव्हा मी दहावीत होते. नवरात्रात आईनं घट बसवला आणि म्हणाली, "घटातला गहू चांगला उगवला तर देवी तुह्या बाबाले घरी आणन. तूच पाणी घालजो."

नऊ दिवस मी उपास धरला. वाडीतल्या वांग्याच्या रोपांना जपायचे, तसं त्या कोंबांना जपलं. गहू वीतभर वाढला. शेजारची काकू म्हणाली, "पोरी, देवी पावली तुले!"

दसऱ्याला बाबा खरंच आले. घटातले कोंब घरच्या पुरुषाच्या टोपीत खोवायची आमच्याकडे रीत आहे. मी माझ्या हातानं खोवले. बाबा पुरणपोळी जेवले आणि तीच टोपी घालून आर्वीला परत गेले.

"देवी खोटी हाय!" मी ओरडले.

आई उष्टं ताट उचलत म्हणाली, "देवीले काऊन बोलतं? सणापुरता येतो, असं त्यायनं मले आधीच सांगतलं होतं."

"मंग मले काऊन नाई सांगतलं?"

"नऊ दिवस तू रडली नाई ना."

त्याच वर्षी शाळा सुटली. आता मी सुरतेत शिलाईच्या कारखान्यात आहे. खोलीतल्या ज्या बायांनी मला मशीन शिकवली, त्या घट बसवतात. त्यांच्यासाठी मी पाणी घालते, मागत काही नाही. पण फोनवर आई "सगळं बरं हाय" म्हणाली की मी पुन्हा विचारते, "खरं सांगून राह्यली ना?"