मूळपुरुषाचं नाव

दसऱ्याच्या पूजेसाठी कुंकू कालवलं आणि त्या ओल्या वासासरशी परदेशातल्या, बुकित तिमाहच्या फ्लॅटमधून मी थेट वडिलांच्या, आप्पांच्या, मांडीवर जाऊन बसले. रान तोडून आमचं गाव वसवणाऱ्या मूळपुरुषाचे कागद त्यांनी पाटावर मांडले होते. माझं बोट कुंकवात बुडवून ते म्हणाले, “नावावर लाव, बाळा. पहिला मान त्यांचा.” बोटाखाली शाई ओलावली. केवढा अभिमान वाटला होता मला!

आज तेच कागद बघून लेकीने विचारलं, “आई, व्हॉट वॉज हिज नेम?”

नावाच्या जागी पिढ्यान्‌पिढ्यांच्या कुंकवाचा डाग होता. ते नाव दुसरीकडे कुठेच लिहिलेलं नाही, आणि आप्पाही आता नाहीत. दर दसऱ्याला हात जोडून आम्हीच मूळपुरुषाला पुसून टाकत आलो.

लेक कुंकवाचं बोट तसंच धरून उभी होती. “मग लावू कुठे, आई?”