वास आला, पाणी बंद

माझी आत्या शहराच्या पाणीखात्यात केमिस्ट होती. नदीकाठच्या शुद्धीकरण केंद्रात तिची प्रयोगशाळा. तिथे यंत्रं पुष्कळ होती, पण रोज सकाळचं पहिलं काम नाकाचं. नदीतून आलेलं पाणी काचेच्या चंबूत घ्यायचं, बूच लावून कोमट करायचं, जोरात हलवायचं आणि बूच काढून हुंगायचं. म्हणून केंद्रातले सगळे तिला नाकबाई म्हणायचे. या नाकापायी तिने सेंट सोडलं, सुगंधी साबण सोडला, कामाच्या दिवशी कच्चा कांदा सोडला. "लोक नाकाने कांदे सोलतात, मला तो तोंडानेही खाता येत नाही," असं म्हणायची.

स्वभावाने ती अतोनात काळजी करणारी. घरातून निघाली की गॅस बंद केला का ते बघायला हमखास परत यायची. माझे बाबा तिचे धाकटे भाऊ. ते चिडवायचे, "ताई, तुझ्या डोक्यातला नळ कधी बंद होतो का गं?"

त्या उन्हाळ्यात तर तिच्या काळजीला ऊत आला होता. धरण तळाला गेलं होतं. खात्याने पाणी दिवसाआड केलं, नळांचा दाब कमी केला, बागांना पाणी घालायला आणि गाड्या धुवायला मनाई केली. गळत्या शोधायला माणसं रस्तोरस्ती फिरत होती. धरणातून नदीत पाणी सोडायचं तेही हात आखडून. त्यामुळे नदीचा पार ओहोळ झाला होता, आणि आत्याला धास्ती होती ती याचीच.

"भरल्या नदीत डबाभर घाण पडली तर विरून जाते," ती म्हणायची. "या ओहोळात पडली तर सरळ आपल्या विहिरीत येईल." विहीर म्हणजे काठावरची ती मोठी गोल विहीर, जिथून पंप नदीचं पाणी ओढत.

त्याच उन्हाळ्यात आजोबा डायलिसिसवर होते. बाबा आणि आत्या त्यांना अण्णा म्हणायचे. मूत्रपिंडं निकामी झालेली. दर दोन-तीन दिवसांनी रुग्णालयात नेऊन यंत्राने त्यांचं रक्त साफ करून आणायचं. एखादी पाळी लांबली की पाय सुजायचे, दम लागायचा. आम्ही सगळे त्या वेळापत्रकाला बांधलेले.

त्या सकाळी केंद्रात काय झालं, ते आत्याने मला नंतर इतक्या वेळा सांगितलं की मीच तिथे होते असं वाटतं. तिने बूच काढलं आणि तिच्या नाकाला काहीतरी जाणवलं. रॉकेलासारखं, जुन्या गॅरेजसारखं. पुन्हा हुंगलं, तर काहीच नाही. नाकाचं असंच असतं, ते वासाला सरावतं. ती बाहेर जाऊन मोकळ्या हवेत उभी राहिली, नवं पाणी घेतलं, पुन्हा हुंगलं. पुन्हा तोच वास, आणि लगेच गायब.

तिने चंबू पंपावरच्या ऑपरेटरपुढे धरला. त्याने भलामोठा श्वास ओढला. "बाई, मला तर पाण्याचाच वास येतोय."

प्रयोगशाळेच्या कोपऱ्यात नदीच्या पाण्यावर ठेवलेले मासे होते. पाण्यात विष आलं तर आधी त्यांना कळावं म्हणून. मासे मजेत फिरत होते.

ती चंबू घेऊन साहेबांकडे गेली. साहेब म्हणजे केंद्राचे मुख्य अभियंता. माणूस सरळ, पण त्या उन्हाळ्यात बोलून बोलून घसा बसलेला.

"साहेब, पंप बंद करावे लागतील. डिझेल वाटतंय."

त्यांनी चंबू हुंगला. चेहऱ्यावर काही दिसलं नाही. "खात्री किती?"

"खात्री नाही. भीती आहे."

"बाई, आज अर्ध्या शहराचा पाण्याचा दिवस आहे. साठ्याच्या टाक्या निम्म्यासुद्धा नाहीत. पंप थांबवले तर दुपारी नळ कोरडे."

"नाही थांबवले आणि तेल आत आलं, तर गाळणीची सगळी वाळू बरबटेल. ती धुऊन निघायला किती आठवडे जातील कोण जाणे. क्लोरीन त्याला काही करू शकत नाही. आणि तोवर ते घराघरात पोचलेलं असेल."

"निकाल कधी येईल?"

"मोठ्या प्रयोगशाळेत नमुना पाठवते. संध्याकाळ होईल."

"आणि पाणी साफ निघालं तर?"

"तर चूक माझी."

"चूक तुमची, शिव्या मला," साहेब म्हणाले. मग फोन उचलून त्यांनी पंप थांबवायला सांगितलं.

पंपांची घरघर थांबली आणि मग आत्याच्या लक्षात आलं. आज अण्णांची पाळी होती, आणि त्यांचं रुग्णालय नेमकं आज पाणी मिळणाऱ्या भागात होतं.

मी आणि बाबा दुपारी आजोबांना घेऊन रुग्णालयाच्या बाकावर बसलो होतो. सिस्टर बाहेर आल्या. "टाकी तळाला आलीये. यंत्राला फार पाणी लागतं. मध्येच संपलं तर पंचाईत, म्हणून नवा पेशंट लावत नाही. थांबावं लागेल."

आजोबा मान खाली घालून श्वास घेत होते. बाबांनी आत्याला फोन लावला. मी इतकी खेटून बसले होते की मला दोघांचंही ऐकू येत होतं.

"ताई, पाणी का गेलंय?"

"मी बंद करायला लावलंय. नदीच्या पाण्याला वास येतोय."

"वास?" बाबा उभे राहिले. "वासावरून तू अण्णांचा जीव टांगणीला लावलास?"

"अण्णांना दम लागलाय का रे?"

"तू येऊन बघ," म्हणून त्यांनी फोन ठेवला.

ती येऊ शकत नव्हती. ती धावत गेली टँकर सोडणाऱ्या मुकादमाकडे. पाणी बंद पडलं की राखीव टाकीतून आधी दवाखान्यांना टँकर जायचे. तिने रुग्णालयाचं नाव सांगितलं. मुकादमाने तिच्याकडे बघितलं. "कुणी आपलं आहे का तिथे?"

"हो. वडील."

तो डोकं खाजवत म्हणाला, "बाई, आधी प्रसूतिगृहाला जाऊ द्या. तिथे थेंब नाही. मग तुमच्याकडेच वळवतो."

ती प्रयोगशाळेत परत गेली. प्रसूतिगृहातल्या बायकांचा तिला त्या क्षणी राग आला होता, हे तिने पुढे मला एकटीलाच सांगितलं.

दुपार सरता सरेना. वास कुठून येतो ते शोधायला नदीकाठाने खात्याची जीप गेली होती, तिचा निरोप आला, काही सापडत नाही. केंद्राच्या फाटकाशी रिकाम्या बादल्या घेऊन माणसं जमली. साहेबांचा फोन खाली ठेवायची सोय नव्हती. आत्या पुन्हा पुन्हा चंबू हुंगत होती, पण आता तिला कशाचाच वास येईना. आपल्या मनाचे खेळ तर नव्हते? माशांच्या टाकीसमोर ती उभी राहिली. एखादा मासा उलटा झाला तर बरं, असं तिच्या मनात आलं आणि तिची तिलाच शरम वाटली.

टँकर आमच्याकडे उन्हं कलल्यावर आला. तोवर आजोबांना ऑक्सिजन लावला होता. त्यांना यंत्रावर घेतलं, आणि हळूहळू त्यांचा श्वास जागेवर आला. बाबा भिंतीला टेकून उभे होते.

संध्याकाळी निकाल आला. डिझेलच होतं. अगदी अंशमात्र, पण होतं. त्याच सुमारास जीपवाल्यांना वरच्या अंगाला एका पुलाच्या कामावर, लव्हाळ्यात अडकलेला तेलाचा तवंग दिसला. डिझेलचं पिंप कलंडलं होतं. तिथल्या मुकादमाला वाटलं, मातीने शोषून घेतलं असेल. खात्याने नदीत आडवा तरंगता बांध टाकला, तवंग उपसला, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी पंप सुरू झाले.

सगळ्यांनी आत्याची पाठ थोपटली. ती मात्र मोठ्या प्रयोगशाळेत विचारायला गेली, पंप चालू ठेवले असते तर काय झालं असतं? तिथला तज्ज्ञ म्हणाला, "मागून किती आलं असतं त्यावर आहे. कदाचित कुणाच्या लक्षातही आलं नसतं. कदाचित महिनाभर शहर पाण्यावाचून बसलं असतं. सांगता येत नाही." त्या उत्तराने तिची झोप उडाली, ती बराच काळ परतली नाही.

बाबा कित्येक आठवडे तिच्याशी बोलले नाहीत. आजोबांनी मात्र थट्टेवारी नेलं. "आंघोळीला पाणी वाया घालवते म्हणून मी हिला लहानपणी फार ओरडायचो. पोरीने फेड केली." ते पुढे दोन वर्षं जगले आणि शांतपणे गेले.

खात्याने त्या दिवसावरून काही गोष्टी बदलल्या. डायलिसिसच्या प्रत्येक केंद्राला स्वतंत्र राखीव टाकी बसवून दिली. साठ्याच्या टाक्या एका मर्यादेखाली जाऊ द्यायच्या नाहीत असं ठरलं, मग त्यासाठी आणखी काटकसर करावी लागली तरी चालेल. विहिरीच्या वरच्या अंगाला नदीत तो तरंगता बांध कायमचा राहिला.

आजोबा गेले त्यानंतरच्या उन्हाळ्यात आत्याला पुन्हा वास आला. पुन्हा पंप थांबले, पुन्हा नळ कोरडे. या वेळी निकाल साफ आला. वर कुठेतरी शेवाळ कुजलं होतं, एवढंच. साहेब बदललेले होते. नव्या साहेबांनी तिला सगळ्यांदेखत फैलावर घेतलं आणि लेखी खुलासा मागितला.

त्या संध्याकाळी ती आमच्याकडे आली. आईने वाढलं, पण आत्या नुसती अन्न चिवडत बसली.

"उद्या परत वास आला तर?" ती म्हणाली.

बाबांनी तिच्या ताटात भात वाढला. "तर काय, बंद कर. फक्त आधी मला एक फोन कर, म्हणजे घरातली भांडी भरून ठेवतो."

आत्या हसली नाही. म्हणाली, "ते नाही जमायचं रे. तू शेजाऱ्यांना सांगशील, आणि सगळे भरायला लागले की टाक्या तासाभरात रिकाम्या."