चौथ्या बाकापर्यंत

हे लिहिणारच नव्हते. दोनदा टाइप केलं, पुसलं. पण आज दोकसूआजोबांना भेटून आलेय आणि गप्प बसवत नाहीये.

माझे आजोबा इल्बोंग, वय त्र्याहत्तर. तीस वर्षं थेबेकच्या कोळशाच्या खाणीत काढली. छातीत धूळ बसलीय. डॉक्टर म्हणाले, ती निघणार नाही, पण रोज चाललात तर आहे तेवढा दम टिकेल. म्हणून ते आणि त्यांच्या पाळीतले दोस्त दोकसू, बारा वर्षं रोज सकाळी डोंगरातल्या झऱ्यापर्यंत चढायचे. दोकसूआजोबा कायम पुढे. खाणीतली रीतच ती, ज्याचा दम सगळ्यात कमी तो पुढे, आणि त्याला कुणी ओलांडायचं नाही.

गेल्या वसंतात चढणीवरच्या चौथ्या बाकाशी दोकसूआजोबांचा दम संपला. उचलून आणावं लागलं. तेव्हापासून खालच्या दवाखान्यात, नाकाला नळी.

आजोबा अजून रोज जातात, पण चौथ्या बाकापर्यंतच. तिथे बसून वर बघत राहतात.

"चला ना झऱ्यापर्यंत, दम आहे की तुम्हाला."

"तू गप गं. दोकसू कुठाय पुढे?"

दवाखान्यातही जात नाहीत. म्हणे, "मी धडधाकट, त्याच्यासमोर जाऊन काय मिरवू?"

मला राहवेना. मीच वर पळत गेले, बाटली भरली, दवाखान्यात नेली. थाप मारली की आजोबांनी पाठवलंय, रोज झऱ्यावर जातात ते. वाटलं, खूश होतील.

दोकसूआजोबांनी बाटली उघडलीसुद्धा नाही. "म्हणजे मला ओलांडून गेला," एवढंच म्हणाले.

आज परत गेले तर नर्सने दारातच धरलं. "काय सांगितलंस गं त्यांना? चार दिवस व्हरांड्यात एक फेरी नाही मारली. असे पडून राहिले तर आहे तो दमही जाईल."

आत जाऊन दोकसूआजोबांना रडतच सगळं खरं सांगितलं. चौथा बाक, ते बसून राहणं, सगळं. त्यांनी खिडकीतून डोंगराकडे पाहिलं.

"गाढव आहे," मग म्हणाले. "अर्ध्या वाटेत बसून गंजेल मेला. त्याला म्हणावं, इथे ये आणि माझ्या शिव्या खा."

आणि चपला मागितल्या. सहा पावलं, थांबले. परत सहा.

निरोप दिलाय. आजोबा बूट घालून दारात उभे आहेत, बसतायत, परत उठतायत. मी नेतेच त्यांना आता.

तुमचंही असं कुणी असेल तर फोनवर भागवू नका. याच आठवड्यात जा, समोर बसा.