डावी बाजू कमी वाजते

गेमिंग हेडसेट कसा आहे हे ठरवायला माझ्याइतका नालायक माणूस शोधून सापडायचा नाही. पन्नाशीला टेकलेला, चष्मेवाला, घरात दिवसाकाठी मोजकी दहा वाक्यं बोलणारा. तरी कॉलेजात जाणाऱ्या आमच्या लेकीने मोठ्या विश्वासाने तो माझ्या डोक्यावर चढवला आणि विचारलं, "आप्पा, डावी बाजू कमी वाजते ना?"

आधी आरामाचं सांगतो. कानावरच्या गाद्या आमच्या सोफ्यापेक्षा मऊ. पाच मिनिटांत मात्र कानांना घाम फुटतो, वरची पट्टी टाळू दाबते आणि चष्म्याच्या काड्या कानशिलात रुततात. आवाज? झकास. शत्रू ज्या बाजूने येईल त्याच कानात त्याची पावलं वाजतात. माझ्या डाव्या कानात कोणीतरी करकर बूट वाजवत आलं आणि मी दचकून खिडकीबाहेरच्या उसाकडे बघितलं. आमच्या डिंगोरे गावात पाऊल वाजलं की माणूस आधी उसाकडेच बघतो. बिबट्या काही गेम खेळत नाही.

तेवढ्यात तिच्या टीममधलं कोणीतरी ओरडलं, "लेफ्ट से आया ना! बहरी है क्या?"

शब्द न् शब्द स्वच्छ. तोही डाव्या बाजूला.

"हां, कमीच वाजते," मी हेडसेट काढत म्हणालो. "पीसच खराब आहे. बदलून आणू."

हा दुसरा पीस होता. पहिलाही मीच तपासून खराब ठरवला होता. तज्ज्ञ म्हणून माझा लौकिक वाढत चालला होता.

"कानाखाली आवाज काढीन" हे वाक्य आमच्याकडे "जेवलास का" इतक्या सहज म्हणतात. मीही म्हणायचो. लेक सहावीत असताना एकदा काढलाही. माझ्या बहिणीच्या सासरचे पावणे जेवायला आले होते. मी तोंडभरून आग्रह करत होतो, राहा की राव दोन दिवस. लेक मधेच म्हणाली, "आप्पा, सकाळी तर तुमी म्हनला, हे पावणं लई डोकं खात्यात, जेवले की कटवायचं." पावणे हसले. मी नाही हसलो. तोंडाने कमी बोलणाऱ्या माणसाचा हात त्या दिवशी फार बोलका निघाला.

दोन दिवस ती म्हणत होती, कानात शिट्टी वाजतेय. बायकोने लसूण घालून तापवलेलं तेल कोमट करून कानात सोडलं. तिसऱ्या दिवशी उशीवर डाग दिसला, तेव्हा तिला नारायणगावला डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरांनी विचारलं, "मार बिर लागलाय का?" एरवी मला कोणी वेळ विचारली तरी मी विचार करून सांगतो. तिथे मात्र झटक्यात म्हणालो, "ओढ्यात पोहत व्हती. पाणी गेलं. हो ना गं?" त्या आठवड्यात ती खरंच ओढ्यात पोहली होती, हे माझं नशीब. तिने मान हलवली.

कान सुकला. घरात सगळे विसरले. पण गप्प माणसाला दिसतं जास्त. हाक मारली की ती उजवा गाल पुढे करायची. फोन नेहमी उजव्या कानाला. तिची आई म्हणायची, ऐकून न ऐकल्यासारखं करते. मी काहीच म्हणायचो नाही.

दुसरा पीस बदलायला जीपने नारायणगावला निघालो, तेव्हा मी तिच्या डावीकडे बसलो होतो. टोमॅटोच्या क्रेटांनी भरलेला टेम्पो आमच्यापुढे घरघरत होता. त्या गडबडीत मी हळूच म्हणालो, "अगं, तुझ्या त्या कानाचं जरा सांगायचंय." ती मोबाइल बघत राहिली. सांगितल्याचं समाधान मिळालं आणि कोणी ऐकल्याचा त्रास झाला नाही. अशी कबुली मी त्याआधीही तीनचार वेळा दिलेली आहे, दर वेळी डाव्याच बाजूने.

दुकानदाराच्या आजोबांनी राजस्थानातून येऊन इथे कापडाचं दुकान टाकलं होतं. नातू त्याच जागेत मोबाइल विकतो आणि माझ्यापेक्षा चांगली मराठी बोलतो.

"भाऊ, आता तिसरा पीस!" तो म्हणाला. "कंपनी मला विचारल, तुमच्या गावाला काय डाव्या बाजूचा शाप बिप आहे का?"

त्याने नवा पीस स्वतः घालून बघितला. फस्क्लास. लेकीने घातला. डावी बाजू कमी. त्याने डोकं खाजवलं आणि म्हणाला, "ताई, उलटा घाला बरं. डावा उजव्या कानाला."

"उलटा कसा घालायचा?" मी एकदम पुढे झालो. "त्यावर डावं-उजवं लिहिलंय ना! माइक पण उलटा होईल."

"आहो भाऊ, गाणं ऐकायचंय, भाषण नाय द्यायचं."

तिने उलटा घातला. थोडा वेळ ऐकत राहिली. मग बोट डाव्या कानाकडे नेलं. "अजून हीच बाजू कमी आहे."

"मग हेडसेट बरोबर आहे, ताई," दुकानदार म्हणाला. पहिल्यांदाच त्याचा आवाज खाली आला.

हेडसेट हातात घेऊन ती त्याला सांगू लागली, "लहानपणी ओढ्याचं पाणी गेलं होतं. तेच असंल. चूक माझीच. आई नको म्हणत होती, तरी पोहायला गेले."

चूक माझीच, असं ती म्हणाली. मी शेजारीच उभा होतो.

"पाणी नव्हतं," मी म्हणालो. "मी मारलं होतं तुला. पावण्यांसमोर. डॉक्टरांशी खोटं बोललो."

दुकानदार एकदम मन लावून वायर गुंडाळायला लागला. लेकीने माझ्याकडे वळून बघितलं.

"काय म्हनला? आप्पा, इकडं या. उजवीकडून सांगा."

सवयीने मी तिथेही डावीकडेच उभा राहिलो होतो.

तिच्या मागून वळसा घालून पलीकडे गेलो आणि सगळं पुन्हा सांगितलं. या वेळी मोठ्याने. मोबाइलला काच बसवायला आलेली दोन गिऱ्हाइकंही ऐकत होती. त्यांच्यासमोरच सांगितलं, हेडसेट दोन्ही वेळा चांगला होता हेही सांगितलं.

तिने हेडसेटवरचं डावं-उजवं पुन्हा एकदा वाचलं. मग हेडसेट दुकानदारापुढे ठेवून म्हणाली, "हा द्या बांधून. याच्यात काय खोट नाय."

जीपमध्ये चढल्यावर तिने मला हाताने उजव्या बाजूला सरकवलं. जीप सुटल्यावर बोलली.

"पुण्याला कानाच्या डॉक्टरकडं जायचं. काय झालं ते तुमीच सांगायचं. मी मान हलवणार न्हाई."