आजोबांच्या तोंडात पाणी

कपाटाच्या तळाशी साबणाच्या फुग्यांची जुनी बाटली सापडली, आणि झाकण उघडताच त्या गोडसर वासाबरोबर आमच्या लंडनमधल्या हॅरोच्या घरातली एक दुपार आठवली. लेक तीन वर्षांची होत आली होती, हवं ते बोटाने दाखवायची, पण तोंडातून एक शब्द फुटत नव्हता. स्पीच थेरपिस्टने खेळ शिकवला होता: फुगे फुंकायचे, झाकण घट्ट लावायचं आणि ती स्वतः बोलून मागेपर्यंत गप्प राहायचं. माझे सासरे तेव्हा पुण्याहून आलेले, जन्मभर वकिली केलेले. त्यांना गप्प राहणं कुठलं जमायला? तिने नुसतं बघितलं की, “हवेत ना माझ्या सोनीला? हे घे!” म्हणत ते फुग्यांचा पाऊस पाडायचे. “अहो बाबा, तिला मागू तर द्या!” मी शेवटी वैतागले. तेव्हा त्यांनीच तोडगा काढला आणि तोंडात पाण्याचा मोठा घोट धरून बसले. मी फुगे फुंकले, झाकण लावलं. घरात फक्त हीटिंगच्या बॉयलरची घरघर. लेकीने बाटलीकडे पाहिलं, मग आजोबांच्या टम्म गालांकडे, आणि जवळ जाऊन एका गालात बोट खुपसलं. फुर्रकन पाणी उडालं, मी आणि कार्पेट दोघंही भिजलो. ती हसून हसून लोळली, आणि स्वच्छ म्हणाली, “अजून!” मी रडतरडत बाटली उघडायला लागले, तर ती पाण्याचा ग्लास आजोबांच्या तोंडाशी नेत होती. आता रविवारी पुण्याला व्हिडिओ कॉल लागतो, आणि ते मध्ये बोलले की ती दटावते, “आजोबा, तोंडात पाणी धरा बघू, मी बोलतेय!”